एकही लाल टिंब नाही

पाकीट सापडलं कांचनवहिनींना. काल श्राद्धाच्या स्वयंपाकातले उरलेले वडे त्यांना फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचे होते. फॉइलचा रोल काढायला त्यांनी फ्रीजवर हात घातला, तशी महाराष्ट्र मंडळाची डिरेक्टरी खाली आली आणि तिच्यामागून एक जाड तपकिरी पाकीट.

"भाऊजी, हे काय हो? बॉस्टनचा पत्ता आहे."

चंद्रशेखर चहाचा कप घेऊन टेबलाशी बसला होता. त्याने पाकीट हातात घेतलं. पत्ता त्याच्या मुलीच्या, सुलेखाच्या अक्षरात होता, तिकिटं लावलेली होती, तोंड चिकटवलेलं होतं. पोस्टाचा शिक्का तेवढा नव्हता.

"हे तर बारा तारखेलाच टाकलं म्हणाली होती," तो म्हणाला.

आज एकतीस डिसेंबर. बॉस्टनजवळच्या त्या कॉलेजच्या अर्जावर आजचा शिक्का चालणार होता, उद्याचा नाही. आणि डेट्रॉइटजवळच्या त्यांच्या नोव्हाय गावचं पोस्ट आज दोनला बंद होणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

टेबलाच्या पलीकडे नरेंद्रदादा बसला होता. चंद्रशेखरचा हा थोरला भाऊ वर्षश्राद्धासाठी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून बारा तास गाडी चालवत बायकोमुलासह आला होता. त्याच्या शेजारची खुर्ची सोडून वसुधाताई बसल्या होत्या, चंद्रशेखरच्या गेलेल्या बायकोची, वीणाची मोठी बहीण. न्यू जर्सीत त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. गेल्या जानेवारीत हॉस्पिटलमध्ये काढलेल्या वीणाच्या शेवटच्या आठवड्यापासून ही दोघं एकमेकांशी जपून बोलत, आणि मधली खुर्ची रिकामी ठेवत.

"बरं झालं," दादा म्हणाला. "देवानेच ठेवलं म्हण फ्रीजवर."

"देवाने नाही, पोरीने ठेवलंय," वसुधाताई म्हणाल्या. "का ठेवलं ते तिला विचारा."

"त्यात विचारायचं काय? पोर शहाणी आहे. अॅन आर्बर इथून अर्ध्या तासावर. तिथली अॅडमिशन झाल्यात जमा आहे. दर शनिवारी घरी येईल. बॉस्टनहून येणार आहे का ती शनिवारी?"

"शनिवारी घरी यावं म्हणून कुणी कॉलेज निवडत नाही."

"ताई, इथे चंदू एकटा आहे."

"मला ठाऊक आहे कोण एकटं आहे ते. माझी बहीण होती ती." वसुधाताईंचा आवाज चढला नाही, पण कप बशीत जरा जोरात टेकला. "शेवटच्या आठवड्यात वीणा मला काय म्हणाली ते तुम्हालाही माहीत आहे, चंद्रशेखर. सुलीला जाऊ द्या म्हणाली. बाकी काहीच मागितलं नाही तिने."

चंद्रशेखरने मान हलवली. त्याला माहीत होतं. तारखेने वीणाला जाऊन वर्ष व्हायला अजून दहा दिवस होते. तिथीने ते काल झालं होतं, आणि काल दिवसभर माणसांच्या गर्दीत त्याला तिची आठवण काढायलाही सवड मिळाली नव्हती. आज पाकीट हातात घेतल्यावर ती एकदम आली. अर्जाच्या पहिल्या पानावर आईच्या नावापुढे एक चौकोन होता, हयात नसल्यास खूण करा, असा. ती खूण सुलेखाने स्वतः केली होती. त्याच्याच्याने झाली नव्हती.

"आणि मिळण्याचा चान्स किती आहे?" दादाने विचारलं. "नाहीतर हा सगळा वाद फुकट."

"ऐंशी टक्के," चंद्रशेखर म्हणाला. "मी काढलाय."

तो उठला आणि खणातून आलेखाचा कागद घेऊन आला.

ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चंद्रशेखर क्वालिटीचं काम बघत असे. रोज हजारो भागांतले मोजके उचलायचे, मापायचे, कागदावर टिंबं काढायची आणि त्यावरून अख्ख्या मालाबद्दल सांगायचं, हे त्याचं पंधरा वर्षांचं काम. ऑक्टोबरात त्याने तेच घरी सुरू केलं. संध्याकाळी जेवणं झाली की मंडळाची डिरेक्टरी उघडायची आणि एकेका कुटुंबाला फोन लावायचा. "नमस्कार, मी नोव्हायहून चंद्रशेखर बोलतोय. आमची सुलेखा यंदा कॉलेजला जाणार, म्हणून जरा विचारायचं होतं." लोक आधी वीणाबद्दल दोन शब्द बोलत, मग आपल्या मुलांची माहिती सांगत. परीक्षेचे मार्क किती, वर्गात नंबर कितवा, बॉस्टनला अर्ज केला होता का, काय झालं. डेट्रॉइटची यादी संपल्यावर त्याने क्लीव्हलंड, शिकागो, मिनेसोटा असे ओळखीओळखीने फोन केले. चौतीस घरं झाली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत संध्याकाळी त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि हे निमित्त बरं होतं.

"हे बघ," तो दादाला म्हणाला. "आडवे मार्क, उभा वर्गातला नंबर. मिळालं तिथे हिरवं टिंब, नाही मिळालं तिथे लाल. अकरा मुलांनी अर्ज केला. अकराही हिरवी. सुलेखाचे सोळाशेपैकी चौदाशे साठ, चारशे बारा मुलांत चौथी. ती बरोबर मधोमध येते. वीस टक्के मी नशिबासाठी सोडलेत."

"एकही लाल नाही?" वसुधाताईंनी विचारलं.

"एकही नाही. बाकीच्या तेवीस जणांनी तिकडे अर्जच केला नव्हता."

कांचनवहिनी सिंककडे तोंड करून वड्यांवरच्या फॉइलची घडी करत होत्या. त्यांनी तीच घडी पुन्हा एकदा केली. दादाने कागदाकडे नीट पाहिलंही नाही.

"छान काम केलंयस," तो म्हणाला आणि चहा संपवला.

गराजचं दार वाजलं. सुलेखा आणि राजीव ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आले. राजीव दादाचा मुलगा, वीस वर्षांचा, मिनेसोटातच शिकत होता. दोघांचे गाल लाल झाले होते.

"काकू, हॉट चॉकलेट मिळेल का?" सुलेखा म्हणाली आणि टेबलावरचं पाकीट तिला दिसलं. तिने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

"ओके," ती म्हणाली.

"ओके काय?" चंद्रशेखर म्हणाला. "तू मला सांगितलंस पाठवलं म्हणून."

"आय नो."

"विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी साचत होतं. तिने पेपर टॉवेल घेतला आणि खाली वाकून पुसायला लागली.

"अगं राहू दे ते," वसुधाताई म्हणाल्या. "सुली, इकडे बघ. अजून दोन तास आहेत. मी तुला घेऊन जाते पोस्टात."

"ताई, तिलाच नकोय. जबरदस्ती कशाला?" दादा म्हणाला. "बेटा, तुला इथेच राहायचंय ना? सांग मावशीला."

"तिच्या तोंडी तुमचे शब्द घालू नका."

"मग तुम्ही वीणाचे घालताय ते?"

"दादा," चंद्रशेखर म्हणाला.

तेवढ्यात राजीवने टेबलावरचा आलेख आपल्याकडे ओढला. "हे काय आहे, काका? ओह, हा तो चार्ट? सुलीने फोनवर सांगितलं होतं मला." तो हिरवी टिंबं मोजायला लागला. मोजून झाल्यावर त्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"काका, मी कुठे आहे?"

"तू यात नाहीस. तू तिकडे अर्ज केला नव्हतास ना."

राजीवने वडिलांकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"केला होता," राजीव म्हणाला.

"राजीव." दादाने मान वळवली नाही.

"सांगू दे त्याला," कांचनवहिनी म्हणाल्या. गेल्या दोन दिवसांत त्यांनी नवऱ्यासमोर एवढ्या मोठ्याने काही म्हटलेलं चंद्रशेखरने ऐकलं नव्हतं. त्यांनी हात पुसले आणि येऊन मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. "दोन वर्षं झाली. मी मेलबॉक्समधून काढलं ते पत्र. पातळ होतं, नकाराचं असतं तसं. उघडायच्या आधीच कळलं मला. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं अप्लायच केलं नव्हतं, इतक्या लांब कशाला. आणि पोराला घरात रडायचीसुद्धा सोय ठेवली नाही, कारण जे झालंच नाही त्याचं रडणार काय?"

"कांचन, पुरे."

"नाही पुरे. पोरीला ऐंशी टक्के सांगतायत भाऊजी. तुम्ही चहा पिताय."

दादाचं तोंड उतरलं. तो वयाने सहाच वर्षांनी मोठा होता, पण त्या क्षणी चंद्रशेखरला तो त्यांच्या वडिलांसारखा दिसला, निवृत्तीच्या दिवशीच्या.

"लोक विचारतात रे," दादा हळू म्हणाला. "मंडळाच्या दर पॉटलकच्या जेवणाला विचारतात. पोरगा वर्गात दुसरा, चौदाशे ऐंशी मार्क. मीच सांगत फिरलो होतो आधी, बॉस्टनला जाणार म्हणून. मग काय तोंडाने सांगायचं? तू फोन केलास तेव्हा तुला तरी सांगावं असं वाटलं होतं. पण एकदा एक सांगितलं की..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"इट्स ओके, डॅड," राजीव म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

"कुणाला?"

"आम्हाला. ऑल ऑफ अस. मंडळाच्या अधिवेशनाला आम्ही मुलं तळघरात बसतो ना, तिथे आम्ही हेच तर बोलतो." त्याने डिरेक्टरी उघडली आणि बोट फिरवायला लागला. "क्लीव्हलंडचा अमित. त्याला रिजेक्ट केलं. हा श्रीरंग, वेटलिस्टवर ठेवलं आणि मग नो. ही शरयू, शी क्राइड फॉर अ वीक, तिची आई म्हणते तिला नर्सिंगच करायचं होतं. काका, अप्लायच केलं नाही म्हणणारे तुमचे बाकीचे आहेत ना? त्यातल्या निदान पंधरा-सोळांनी अप्लाय केलंय."

चंद्रशेखर कागदाकडे बघत राहिला. कारखान्यात नवीन पोरांना तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत असे. पेटीत एकही खराब भाग निघाला नाही तर खूश होऊ नका, पेटी परत पाठवा, कारण ती तुमच्यापर्यंत येण्याआधी कुणीतरी निवडलेली आहे. पंधरा वर्षं सांगत होता. आणि इथे अकराच्या अकरा हिरवी टिंबं काढून तो तीन महिने समाधानात होता.

त्याने खणातून लाल पेन्सिल आणली. राजीव एकेक नाव सांगत गेला आणि तो टिंबं काढत गेला. कुणाचे नेमके मार्क राजीवला ठाऊक नव्हते, तिथे अंदाजाने काढली. राजीवचं टिंब सुलेखाच्या जागेच्या वर पडलं. त्याच्याशेजारी नाव लिहिण्याचं चंद्रशेखरने टाळलं. शेवटी लाल टिंबं हिरव्यांपेक्षा जास्त झाली, आणि ज्या घरांनी फोनवर काही सांगायचंच टाळलं होतं ती धरली तर आणखी वाढली असती; सुलेखाच्या जागेभोवती तर एका हिरव्यामागे चार लाल झाली होती.

लाल टिंबं काढता काढता त्याला एक जाणवलं आणि त्याचा हात थांबला. त्याला बरं वाटत होतं. ऑक्टोबरपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचललं होतं. समोर राजीव बसला होता, शेजारी दादा मान खाली घालून बसला होता, आणि त्याला बरं वाटत होतं.

"मग आता किती?" सुलेखाने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. पाचात एक. फार तर."

"वन इन फाइव्ह? फॉर रिअल?"

"हो."

तिने पाकीट उचललं. कोटाची चेन वर ओढली. "मग जाऊ या. मी मेल करते."

वसुधाताईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "शाब्बास. चान्स कमी म्हणून माघार नाही घ्यायची. आईवर गेलीय."

दादाला काही कळेना. चंद्रशेखरला कळलं. तो कोट घालत म्हणाला, "ताई, तुम्ही बसा. मी नेतो तिला."

ग्रँड रिव्हर रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता. गाडी हळू जात होती. सुलेखाने पाकीट मांडीवर ठेवलं होतं, दोन्ही हात त्यावर. पोस्टाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केल्यावर चंद्रशेखरने इंजिन बंद केलं नाही.

"ऐंशी टक्के होते तेव्हा तू पाकीट फ्रीजवर ठेवलंस," तो म्हणाला. "वीस टक्के झाल्यावर निघालीस."

ती समोर बघत होती. वायपर एकदा फिरला.

"ते नो म्हणणार," ती म्हणाली. "मग कुणाला काही डिसाइड करावं लागणार नाही. मावशीला वाटेल मी ट्राय केलं. आईला पण. आणि मी अॅन आर्बरला जाईन आणि एव्हरीथिंग विल बी फाइन."

"आणि ते हो म्हणाले तर?"

"नाही म्हणणार. तुम्हीच सांगितलं."

"मी पाचात एक म्हणालो. शून्य नाही म्हणालो."

"बाबा, प्लीज."

"एक सांगतो, मग तू बोल." त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "मघाशी लाल टिंबं काढताना मला बरं वाटलं. राजीव समोर बसला होता, त्याचं दुःख ऐकत होतो, आणि मला बरं वाटलं. का, ते तुला सांगायला नको. म्हणजे तू एकटीच नाहीस अशी. मीही तुझ्याच बाजूने होतो."

सुलेखाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही जेवणार काय?" ती म्हणाली. "सिरियसली. तुम्हाला राइस कुकरचं बटण माहीत नाहीये."

त्याला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. फेब्रुवारीपासून रोज सकाळी पिवळ्या झाकणाचा डबा ओट्यावर तयार असे. तो उचलून गाडीत ठेवायचा आणि जायचा. कोण भरतं, किती वाजता उठून भरतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आईचं काम मुलीने उचललं आणि त्याने ते उचलू दिलं. दादा यालाच पोरीचा शहाणपणा म्हणत होता, आणि चंद्रशेखरही तेच म्हणत आला होता.

"ऐक," तो म्हणाला. "चान्स ऐंशी असो नाहीतर वीस. त्यांनी हो म्हटलं तर तू जायचंस. ते आत्ता, इथे ठरवायचं. ठरवायचं नसेल तर हे पाकीट मी घरी परत नेतो आणि मावशीला खरं काय ते सांगतो. ते नाही म्हणतील अशा भरवशावर पाठवायचं नाही."

"अँड यू?"

"माझं मी बघेन. बघायला लागेन."

"प्रॉमिस?"

"मी कधी प्रॉमिस करतो का? बघशील तू."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मग तिने दार उघडलं, आणि चंद्रशेखरने इंजिन बंद केलं.

आत सात-आठ माणसांची रांग होती. खिडकीतल्या बाईने पाकीट तोललं, तारखेचा शिक्का मारला आणि पोचपावती हवी का विचारलं. सुलेखाने वडिलांकडे पाहिलं. त्याने मान हलवली. बाईने एक छोटं हिरवं कार्ड पुढे केलं. त्यावर सुलेखाने घरचा पत्ता लिहिला आणि वर नाव लिहिलं चंद्रशेखरचं.

ते परत आले तेव्हा घरात आवाज नव्हता. वसुधाताई वर सामान भरायला गेल्या होत्या, राजीव सोफ्यावर झोपला होता. दादा एकटाच टेबलाशी होता. आलेख त्याच्यापुढे होता आणि हातात पेन्सिल.

"टाकलं?"

"टाकलं."

दादाने कागद सरकवला. सगळ्यांत वरच्या लाल टिंबाशेजारी त्याने आपल्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं. राजीव नरेंद्र. खाली वर्ष.

"तुझ्या मंडळात कुणी विचारलं तर दाखव," तो म्हणाला. "मीही सांगेन. जमेल तसं."

चंद्रशेखर त्याच्या शेजारी बसला. साध्या पेन्सिलने त्याने सुलेखाच्या जागी एक टिंब काढलं. त्यात रंग भरायला एप्रिलमधलं निकालाचं पत्र यावं लागणार होतं. मग तो उठून ओट्याशी गेला. कांचनवहिनी डाळ धूत होत्या.

"वहिनी, तुम्ही उद्या निघणार. त्याआधी मला आमटी शिकवा."

त्यांनी मागे वळून पाहिलं, थट्टा आहे की काय म्हणून. "तुम्हाला?"

"मला. आणि तो कुकरही दाखवा."

त्यांनी त्याच्या हातात मोहरीची बरणी दिली. "आधी तेल तापू द्या. घाई नाही करायची."

त्याने गॅस पेटवला. तेल किती घालायचं हे न कळून तो भांडं तिरकं करून बघत राहिला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुलेखा सवयीने उठली होती, बाह्या वर करत होती.

"बाबा, एवढं नाही, थांबा, मी..."

"तू बस," तो म्हणाला.

ती उभीच राहिली. तेलातून धूर यायला लागला, मोहरी तडतडली, दोन दाणे त्याच्या मनगटावर उडाले आणि त्याने हात झटकला. वहिनींनी आच कमी केली. सुलेखाने एक पाऊल पुढे टाकलं, थांबली, आणि मग काकाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.